चाचणी, तोंडी, प्रकल्प: मुलांच्या बाजूने कसं दिसतं? अनुभव लिहा

माझी मुलगी नववीत आहे. घटक चाचणीत गणितात 20 पैकी 11 मिळाले. कुठे चुकलं विचारलं, तर म्हणाली, "आई, पेपर हातात दहाच मिनिटं असतो. बेरीज तपासायची आणि परत द्यायचा." तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. नववी-दहावीतल्या आणि नुकत्याच दहावी झालेल्या मुलांनी मनापासून लिहावं.

दहावी 2021, सांगली
आमची बोर्डाची परीक्षा झालीच नाही. नववीचे 50, दहावीतल्या लेखी कामाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे 20. राज्याचा निकाल 99.95 टक्के. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाही लॉकडाऊनमध्ये गेलेली. उरली फक्त पहिली सहामाही. त्या सहामाहीत मी दिवसभर कबड्डी खेळायचो, म्हणायचो, दहावीला बघू. ते गुण पुढे थेट दहावीच्या निकालात आले. सहामाहीचा पेपर लिहिताना हे कुणाला माहीत होतं? अजून लागतं ते मनाला.

दहावी 2019, नाशिक
आमच्या वर्षी भाषांची 20 गुणांची तोंडी काढून टाकली. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला आणि पुढच्या बॅचला तोंडी परत मिळाली. तोंडीचे मार्क फुकटचे, असं सगळे म्हणत. मी लिहिताना अडखळते, बोलताना नाही. मला येतं ते दाखवायची तेवढीच जागा होती.

आता दहावीत, लातूर
आमच्याकडे तोंडी आहे, पण साठ मुलांची दोन तासांत. बाईंनी विचारलं, "कविता पाठ आहे?" हो म्हणाले. "पुढची." 18 मिळाले. आदल्या रात्री आजीला तीनदा म्हणून दाखवली होती. मला ती बाईंसमोर म्हणायची होती.

आता नववीत, ठाणे
गुण वर्गात मोठ्याने वाचू नका. एवढंच.

अकरावी, रत्नागिरी
आमचे विज्ञानाचे सर चाचणीनंतर नावं झाकून तीन उत्तरं फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, "3 पैकी किती द्याल? का?" ओहमच्या नियमाच्या आकृतीवरून अख्खा तास भांडलो होतो. एका उत्तरात अ‍ॅमीटर समांतर जोडलेला. मी म्हटलं, दीडच द्या. ते उत्तर माझंच होतं. सरांनीही दीडच दिला होता, पण या वेळी तो का, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.