मदत हवी आहे: कोंबडीची नजर जात आहे, कारण कसे ओळखावे आणि तिला कळपात कसे सांभाळावे?

नमस्कार,

घरामागच्या अंगणात मी काही कोंबड्या आणि एक कोंबडा पाळते. त्यांपैकी तांबडी ही साधारण तीन वर्षांची कोंबडी गेल्या काही आठवड्यांपासून नीट पाहू शकत नाही, असे लक्षात आले आहे. ज्यांनी अशी कोंबडी प्रत्यक्ष सांभाळली आहे त्यांचे मार्गदर्शन मिळावे म्हणून हा धागा काढत आहे. वर्णन थोडे लांबणार आहे, कारण डोळ्यांच्या तक्रारींमागची कारणे इतकी निरनिराळी असतात की "कोंबडीला दिसत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही.

पहिली शंका आली ती तिच्या खाण्यावरून. जमिनीवरचा दाणा टिपताना तिची चोच दाण्याशेजारी मातीत पडते. मग ती मान तिरकी करून उजवा डोळा दाण्याच्या अगदी जवळ नेते आणि पुन्हा टिपू पाहते. डाव्या बाजूने कोणी गेले तर स्पर्श होईपर्यंत तिला पत्ता नसतो, आणि स्पर्श होताच ती ओरडून उडते. दाणा आणि खडा यांतला फरक कोंबडी मुख्यतः उजव्या डोळ्याने करते आणि शत्रूवर लक्ष मुख्यतः डाव्या डोळ्याने ठेवते, असे मी वाचले आहे. डावा डोळा आधी गेल्यामुळेच ती अजून कसेबसे खाऊ शकते, पण दिवसभर धास्तावलेली असते, असा माझा अंदाज आहे.

रात्री ती शांत असताना मांडीवर घेऊन विजेरीच्या उजेडात दोन्ही डोळे तपासले. उजव्या डोळ्यात बाहुलीभोवतीचे कडे नेहमीसारखे नारिंगी आहे, बाहुली काळी व गोल आहे आणि उजेड पडताच आकसते. डाव्या डोळ्यातले कडे मात्र राखाडी पडले आहे, बाहुली बारीक झाली आहे, तिची कड कुरतडल्यासारखी वेडीवाकडी दिसते आणि उजेड जवळ नेला किंवा दूर केला तरी ती हलत नाही. बाहुलीच्या आत मोतीबिंदूसारखा दुधाळ पांढुरकेपणा दिसत नाही. तिसरी पापणी आडवी सरकते, तशी ती दोन्ही डोळ्यांत सरकते आणि तिच्याखाली जंत किंवा कचरा आढळला नाही.

डोळ्यांतून पाणी, फेस किंवा पू येत नाही, चेहरा सुजलेला नाही, नाकातून घाण वासाचा स्राव नाही आणि श्वासाचा आवाजही येत नाही. म्हणून संसर्गजन्य सर्दी किंवा मायकोप्लाझ्मा (श्वसनमार्गाचा एक जिवाणूसंसर्ग) असेल असे वाटत नाही. देवीच्या खपल्या कोणाच्याच पापण्यांवर किंवा तुऱ्यावर नाहीत. जीवनसत्त्व अ कमी पडल्यावर पापण्यांखाली पनीरासारखा पांढरा थर साचतो, तोही नाही. खुराड्यातला भुसा कोरडा असतो आणि खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊनही अमोनियाचा उग्र वास येत नाही.

पशुवैद्यांनी तिला पाहून मारेक या विषाणूजन्य रोगाची शक्यता सांगितली. मात्र जुन्या इजेनंतर किंवा दुसऱ्या एखाद्या संसर्गानंतर डोळ्याच्या आत सूज येऊन गेली असली, तरी असेच चित्र दिसू शकते, असेही ते म्हणाले. तिची चाल सरळ आहे, पाय लुळे पडलेले नाहीत, वजन फारसे उतरलेले नाही. या सर्व कोंबड्या मी तलंगा (अंड्यांवर न आलेल्या तरुण कोंबड्या) असताना घेतल्या होत्या आणि त्यांना पिल्लूपणी कोणती लस दिली होती, याची नोंद मला मिळालेली नाही.

आजारापेक्षाही मला अस्वस्थ करते ती कळपातली तिची अवस्था. पूर्वी ती खाण्याच्या भांड्याशी पहिली असायची. आता खालच्या क्रमांकाच्या कोंबड्याही तिला हुसकावतात, कारण समोरची कोंबडी मान उंचावून धमकावते तेव्हा ते तिला दिसत नाही आणि ती वेळेवर बाजूला होत नाही. मानेवरची पिसे उपटली गेली आहेत. कोंबडाही तिच्यावर वारंवार चढतो, कारण तिला निसटता येत नाही. वेगळे ठेवले तर ती दिवसभर हाका मारत राहते. तिचा दुसरा डोळाही जाईल, हे धरून मी तयारी करू इच्छिते. तिला वेगळे ठेवावे की कळपात, तिच्यामुळे इतरांना धोका आहे का, आणि पूर्ण आंधळी झालेली कोंबडी सुखाने जगू शकते का, हे कृपया सविस्तर सांगावे. "कापून टाका" हा सल्ला मला शेजारपाजारी पुरेसा मिळाला आहे. तो निर्णय घ्यावाच लागला तर तो कशाच्या आधारावर घ्यावा, हेही जाणकारांकडूनच ऐकायचे आहे.

प्रतिसाद

तुम्ही तपासणी इतकी नीट केली आहे की उत्तर देणे सोपे झाले. राखाडी पडलेले कडे, वेडीवाकडी बाहुली आणि उजेडाला प्रतिसाद नसणे ही मारेकच्या डोळ्यातल्या प्रकाराची ओळखीची लक्षणे आहेत. हा नागीण गटातल्या विषाणूचा रोग आहे. हंगेरीतील पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये त्याचे पहिले वर्णन केले, म्हणून त्याला हे नाव पडले. बहुतेक पक्ष्यांत तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच्या वयात दिसतो, म्हणून तीन वर्षांच्या कोंबडीत तो नक्कीच आहे असे मी म्हणणार नाही. पशुवैद्यांची सावधगिरी मला योग्य वाटते. प्रयोगशाळेत विषाणू सापडला तरी एवढ्यावरून डोळा त्यानेच गेला हे सिद्ध होत नाही, कारण हा विषाणू अंगात असूनही कितीतरी कोंबड्या आयुष्यभर धडधाकट राहतात.

इतरांना धोका किती, याचे उत्तर कदाचित तुम्हाला दिलासा देईल. हा विषाणू पिसांच्या मुळाशी वाढतो, कोंड्याबरोबर झडतो आणि खुराड्यातल्या धुळीत अनेक महिने टिकतो. म्हणजे तांबडीला तो असेल, तर एकाच खुराड्यात राहणाऱ्या बाकीच्या कोंबड्या त्याच्या संपर्कात केव्हाच आल्या आहेत, आणि आता तिला दूर केल्याने त्यांचे संरक्षण होणार नाही. मोठ्या कोंबड्यांना आता लस टोचून उपयोग नाही. मारेक अंड्यातून पिल्लात उतरत नाही आणि माणसाला होत नाही. काळजी घ्यायची ती नव्या पिल्लांबाबत: ती पहिल्याच दिवशी मारेकची लस दिलेली घ्यावीत आणि लशीचा प्रभाव तयार होईपर्यंत काही आठवडे जुन्या कळपापासून, त्याच्या भुश्यापासून आणि त्या खुराड्यात वापरलेल्या चपलांपासून दूर ठेवावीत. लस गाठी आणि लकवा रोखते, विषाणूचा शिरकाव रोखत नाही, म्हणून हे अंतर पाळावेच लागते.

एक विनंती आहे. घरात उरलेले कोणतेही डोळ्यांचे थेंब घालू नका. स्टिरॉइड असलेले थेंब बुबुळावर जखम असताना पडले तर ती जखम चिघळून डोळा फुटू शकतो. पशुवैद्य रंगद्रव्य घालून जखम आहे की नाही ते पाहतात आणि मगच असे औषध देतात. धूळ धुवायची असेल तर उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, एवढे पुरते. आणि पुढे कळपातला कोणताही पक्षी मेला तर शवविच्छेदन जरूर करून घ्या; यकृत, नसा आणि अंडाशय तपासल्यावर जे कळते ते जिवंत कोंबडीचा डोळा पाहून कळत नाही. मात्र एकाएकी अनेक पक्षी मेले, तुरे निळे पडले किंवा चेहरे सुजले, तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा.

प्रतिसाद

मी दोन्ही डोळ्यांनी आंधळी झालेली कोंबडी दीर्घकाळ सांभाळली आहे, म्हणून रोजच्या व्यवहाराविषयी लिहितो. आंधळी कोंबडी नजरेऐवजी जागेची आठवण वापरते. म्हणून पाणी, खाद्य, सावली आणि झोपण्याची जागा एकदा ठरली की ती हलवू नये. खाद्य जमिनीवर पसरू नका. जड, रुंद आणि खोल भांड्यात ते चार बोटे भरून ठेवा, म्हणजे चोच कुठेही पडली तरी तोंडात घास येतो. नेम साधावा लागत नाही. पाण्याचे भांडेही जड आणि रुंद काठाचे असू द्या. दोन्ही भांडी एकाच भिंतीलगत ठेवली की भिंतीच्या आधाराने ती स्वतः पोहोचते. भांडे ठेवताना त्यावर बोटाने टकटक करा. काही दिवसांत ती त्या आवाजाच्या दिशेने चालू लागते. हात लावण्यापूर्वी नेहमी बोला, आणि रोज तेच शब्द बोला.

ती खाते आहे असे दिसणे पुरेसे नाही, कारण आंधळी कोंबडी रिकाम्या जमिनीवरही चोच मारत राहते. संध्याकाळी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहा. ती भरलेली हवी आणि सकाळी रिकामी हवी. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवा आणि छातीचे हाड बोटांनी पाहा. हाडाच्या दोन्ही बाजूंचे मांस उतरून ते धारदार लागू लागले, तर फुगलेल्या पिसांखाली न दिसलेला अशक्तपणा तिथे कळतो.

कळपाबाबत माझे मत स्पष्ट आहे: एकटे ठेवू नका, पण मोकळ्या कळपातही सोडू नका. आवारात तारेच्या जाळीचा एक कप्पा करा, म्हणजे तिला इतरांचे आवाज शेजारीच मिळतील आणि चोचा पोहोचणार नाहीत. त्या कप्प्यात तिच्यासोबत एकच शांत, खालच्या क्रमांकाची कोंबडी ठेवा. माझ्याकडे अशा सोबतिणीच्या पायांच्या आणि उकरण्याच्या आवाजामागे आंधळी कोंबडी दिवसभर फिरत असे. कोंबड्याला त्या कप्प्यात मुळीच जाऊ देऊ नका. वर जाळी हवीच, कारण घार दिसत नसल्याने ती कधीच आडोसा शोधणार नाही. बसण्याची दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवा किंवा सरळ जाड भुश्यावर झोपू द्या; अंधारात उंचावरून उतरताना पाय आणि छातीचे हाड दुखावते. उकरणे कमी झाल्याने नख्या आणि चोच वाढतात, त्या पाहत राहा. मातीत लोळणेही कमी होते आणि उवा वाढतात, म्हणून शेपटीखालची पिसे बाजूला करून तपासा आणि कोरड्या मातीचे घमेले तिच्या नेहमीच्या वाटेवर ठेवून तिला स्वतः त्यात बसवा.

निर्णयाबद्दल विचारलेत, तर आंधळेपणा हे मारण्याचे कारण मी मानत नाही. माझी कसोटी वेगळी आहे: अन्नपिशवी भरते का, वजन टिकते का, ती पिसे साफ करते का, सोबतिणीच्या आवाजाला उत्तर देते का. पाय लुळे पडून ती भांड्यापर्यंत जाऊ शकेनाशी झाली, किंवा डोळ्यात असह्य वेदना असून औषध लागू पडत नसेल, तर मात्र पशुवैद्यांकरवी तिला शांतपणे जाऊ देणे हेच तिच्या हिताचे आहे, आणि तेव्हा उशीर करू नये.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. जाळीचा कप्पा तयार केला आहे आणि सर्वांत मवाळ कोंबडी तांबडीच्या सोबतीला दिली आहे. पहिल्या संध्याकाळी अन्नपिशवी जेमतेम अर्धी भरलेली लागली, म्हणून खाद्याचे भांडे आणखी खोल घेतले. आता ती भरलेली लागते. दिवसभराच्या हाका थांबल्या आहेत. आणखी एक शंका आहे: ती अजून अंडी देते. नजर पूर्ण गेल्यावर अंडी आपोआप बंद होतील का, आणि होणार नसतील तर ती खाण्यास हरकत नाही ना?

प्रतिसाद

केवळ नजर गेल्याने अंडी बंद होत नाहीत. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. डोक्याची कातडी आणि कवटी यांतून आत झिरपणाऱ्या उजेडाने त्यांना दिवसाची लांबी कळते आणि अंड्यांचे चक्र त्यावर चालते. त्यामुळे आंधळ्या कोंबडीलाही दिवसा भरपूर उजेड आणि रात्री पूर्ण अंधार द्या. तिला दिसत नाही म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका. खाद्यातले कॅल्शियम इतर अंड्यांवरच्या कोंबड्यांइतकेच लागेल. अंडी खाण्यास रोगामुळे अडचण नाही. पण डोळ्यांत किंवा पोटात कोणतेही औषध चालू झाले, तर अंडी किती दिवस वगळायची हे त्या औषधानुसार पशुवैद्यांना विचारा आणि तोवर ती टाकून द्या. अंडी घालायची पेटी जमिनीलगत आणि पुढची कड बुटकी ठेवा. सुरुवातीला तिने भुश्यातच कुठेतरी अंडे घातले तर जागा बदलू नका, पेटीच त्या जागी न्या.