अभयारण्यातली निसर्गवाट: पायऱ्या बांधाव्या की वाट नव्याने आखावी?

सह्यभटक्या:
रायगड जिल्ह्यातल्या एका अभयारण्यात वनविभागासोबत निसर्गवाट करायचं ठरलंय. पायथ्यापासून माथ्यापर्यंत 90 मीटर चढ, डोंगरउतार साधारण 30 टक्के, जांभा आणि त्यावर तांबडी माती. जुनी 300 मीटर लांबीची पायवाट नाकासमोर वर जाते आणि पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. 20 स्वयंसेवक आहेत, फक्त शनिवार-रविवार. तिथेच दगडी पायऱ्या बांधाव्या का?

पाणलोट:
नको, वाटच नवी काढा. अशा वाटेवर पाणी पायऱ्यांच्या कडेने वाहतं, माणसंही कडेनेच चालतात, आणि पायऱ्या अधांतरी राहतात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नको. इथे 15 टक्के ही कमाल, सरासरी 10 धरा. म्हणजे 900 मीटर. वळणं आणि खोलगे (पाणी बाहेर काढायला वाटेत ठेवलेले छोटे उतार) धरून 1.1 किलोमीटर. क्लिनोमीटर (चढ मोजायचं साधन) नसला तर गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल पाइप पुरते: 10 मीटर अंतराला 1 मीटर फरक. बांबूच्या खुंट्या ठोका आणि कुदळ लावण्याआधी वाट दोन्ही दिशांनी चालून बघा. उलटी वळणं कमीत कमी ठेवा. वरचा टप्पा खालून दिसला की लोक मधूनच चढतात, म्हणून वळण मोठ्या दगडाला किंवा झुडपाला वळसा घालून घ्या.

कुदळफावडं:
मातीकामाचं सांगतो. रुंदी 75 सेंमी, आणि ती पूर्ण डोंगरातच खोदायची. निम्मी खोदून निम्म्या भागात भराव टाकला तर तो जुलैतच खाली जातो. बाहेरची (दरीकडची) कड आतल्या कडेपेक्षा 4 सेंमी खाली, म्हणजे पाणी आडवं निघून जातं. दर 10-15 मीटरला वाट 3-4 मीटर लांबीपुरती किंचित उतरवून पुन्हा चढवा. त्या खोलग्यातून पाणी बाहेर पडतं. मोरीचे पाइप घालू नका, पाल्याने तुंबतात. निघालेली माती खाली पसरून टाका, खोडांशी ढीग नको. पहिल्या पावसाळ्यानंतर बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा साठतो, तो न काढल्यास वाटेचं गटार होतं. एक माणूस दिवसाला 3-4 मीटर करतो, उघड्या जांभ्यात निम्मंच.

कारवी:
परवानगी आधी नीट वाचा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 चा प्रवेश परवाना म्हणजे खोदायची मुभा नव्हे. अधिवासात बदल कलम 29 खाली येतो, त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. पाणवठ्याला वाट भिडवू नका. फलक झाडाला ठोकू नका. उतारावरची कारवीची झुडपं राखा, माती तीच धरून ठेवतात. आणि फुरसं, म्हणजे विषारी साप! दगड हाताने नाही, पहारीने आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे पलीकडची बाजू आधी उघडते.

सह्यभटक्या:
आणि जुनी वाट?

कुदळफावडं:
घळीत दर 3-4 मीटरला दगडांचे छोटे आडवे बांध घाला, गाळ आपोआप साचेल. मात्र जुन्या वाटेच्या तोंडाचा दिसणारा भाग फांद्या-पाल्याने पुरता झाकल्याशिवाय नवी वाट खुली करू नका.