निळ्या त्रिकोणाचा अर्थ नक्की काय?

पऱ्हाटीवाला (वणी, जि. यवतमाळ)

मंडळी, प्रश्न बाबांच्या फवारणीचा आहे. गेल्या सप्टेंबरात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, बाबांच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं जोडऔषध, पांढऱ्या माशीसाठी डायफेन्थियुरॉन आणि वरून एक टॉनिक, असं तिन्ही एकाच पंपात कालवून त्यांनी दोन दिवस फवारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते धुऱ्यावर बसून राहिले. तोंडातून लाळ, अंग घामाने निथळलेलं. "मले दिसून नाही राह्यलं," एवढंच म्हणत होते. दवाखान्यात तीन दिवस सलाईन आणि अॅट्रोपिन चाललं. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? मी तिन्ही नेऊन समोर ठेवली. त्यातल्या कोणत्याने झालं, हे कोणालाच सांगता आलं नाही.

डायफेन्थियुरॉनच्या पुड्यावर निळा त्रिकोण आहे. दुकानात सांगितलं होतं, निळा म्हणजे सौम्य. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. मी तेव्हा बारावीला होतो. हा रंग ठरतो कशावरून? आणि तीन औषधं एकत्र झाल्यावर त्रिकोण कोणता धरायचा?

कृषी सहायक, अमरावती

दादा, आधी बाबांना जपा. लेबलवर लिहिलेलं नसेल ते एकात एक कालवू नका. आम्ही गावोगाव हेच सांगतो, पण मजूर एका दिवसापुरता मिळतो, तेवढ्यात अळीही मारायची आणि माशीही. म्हणून सगळं एकाच पंपात जातं. रंगाबद्दल आम्हाला प्रशिक्षणात इतकंच शिकवलं: लाल, पिवळा, निळा, हिरवा, असा उतरता क्रम. त्यामागचं गणित जाणकारांनी सांगावं.

दारव्हेकरीण

मी मूळची तुमच्याच जिल्ह्यातली. विषशास्त्र शिकले, आणि पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं ज्या चाचण्या केल्या त्यांतूनच हे रंग ठरतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पांढऱ्या उंदरांना औषध एकदाच पाजायचं आणि १४ दिवस बघायचं. निम्मे उंदीर ज्या मात्रेत मरतात तो आकडा म्हणजे एलडी-५०. ही कल्पना १९२७ सालची, ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाची. तेव्हा डिजिटॅलिससारख्या औषधांची ताकद मोजायला काढलेली. आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांत त्यावरूनच रंग आहेत: तोंडावाटे, उंदराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवाटेचे आकडे वेगळे आहेत, पण रीत तीच.

म्हणजे निळा रंग एवढंच सांगतो की हे विष एकदा पोटात किंवा कातडीवाटे गेलं तर मरायला ते जास्त प्रमाणात लागतं. दोन दिवस घामेजल्या पाठीवर पंप गळत राहिला तर काय, दिसेनासं होतं का, चक्कर येते का, यातलं काहीही तो रंग सांगत नाही.

आता मिश्रण. आपल्या यकृतात कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं एन्झाइम असतं, ते सायपरमेथ्रिनचे तुकडे करून टाकतं. प्रोफेनोफॉस नेमकं त्या एन्झाइमलाच जखडतं. अळीच्या अंगात हेच व्हावं म्हणून तर ही जोडी बनवली. मग फवारणाऱ्याच्या अंगात ते होणारच नाही असं कसं मानायचं? तयार जोडऔषधाची निदान नोंदणीच्या वेळी चाचणी होते. बांधावर कालवलेल्या तुमच्या तीन औषधांची कोणीही केलेली नाही. त्याला त्रिकोणच नाही.

जगात ही रीत बदलतेय. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एकाच तऱ्हेने काम करणाऱ्या कीटकनाशकांचा धोका एकत्र मोजायचं ठरलं, आणि २००६ मध्ये सगळ्या ऑरगॅनोफॉस्फेटचा (तुमचं प्रोफेनोफॉस याच गटातलं) तसा हिशोब पुरा झाला. युरोपात औषध कातडीतून किती आत जातं ते शस्त्रक्रियेत निघालेल्या माणसाच्या कातडीवर तपासतात, फक्त उंदराच्या कातडीवर विसंबत नाहीत. पण मला सलणारी गोष्ट ही: अमेरिकेच्या त्या कायद्यात अन्न, पाणी, घर धरलंय, कामावर होणारा संपर्क वगळलाय. भाजी खाणाऱ्याचा हिशोब आधी झाला, फवारणाऱ्याचा मागे राहिला.

त्याच्यासाठी मला सर्वांत पटलेली पद्धत कॅलिफोर्नियाची आहे, १९७४ पासूनची. तिथे ऑरगॅनोफॉस्फेट नेहमी हाताळणाऱ्या कामगाराच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज हंगामाआधी तपासून ठेवतात. हे मज्जातंतूंचं काम ताळ्यावर ठेवणारं एन्झाइम, ऑरगॅनोफॉस्फेट त्यालाच जखडतं. पुढे तांबड्या पेशींतलं प्रमाण त्याच्या स्वतःच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आलं की कामाची पद्धत तपासतात, ७० टक्के किंवा त्याखाली आलं की त्याला त्या कामावरून हटवतात. लक्षणं दिसायची वाट बघत नाहीत. हा आकडा माणसागणिक इतका बदलतो की आजारी पडल्यावर केलेल्या एकट्या तपासणीवरून फारसं कळत नाही. आधीचा आकडा हाताशी लागतो.

एक सावधगिरी: डायफेन्थियुरॉनचा घाव पेशींच्या ऊर्जेवर असतो, तो या तपासणीत दिसत नाही. त्यावर नेमका उताराही नाही. निळ्या त्रिकोणावर विसंबू नका म्हणते ते यासाठीच.

पऱ्हाटीवाला

ताई, आजवर कोणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. मे महिन्यात बाबांचं रक्त तपासून आकडा लिहून ठेवतो. फवारणी बाबा करतात, पण ड्रमात पाणी भरून औषध कालवून देते आई. तिचंही तपासायचं का?

दारव्हेकरीण

हो, आणि तिचं आधी. बाबांच्या अंगावर पडतं ते पाण्यात पातळ झालेलं, तिच्या बोटांना लागतं ते निव्वळ. कोपरापर्यंतचे नायट्राइलचे हातमोजे आणा, कापडी नकोत, ते औषध शोषून धरतात. आणि तिला विचारा, कालवायला काठी घेते की हात घालते. माझी आई हात घालायची.