नाक चोंदण्याला कोड कुठला? ऑडिटमधून चार्ट परत आलाय, आजच हवंय

टिळकवाडी_कोडर:
पेशंटचं आठ महिने नाक चोंदलेलं, असा चार्ट आहे, बिलासाठी आजाराचा कोड लावायचाय. मी जे३१.० (क्रॉनिक ऱ्हायनायटिस, म्हणजे नाकाची जुनाट सूज) लावला. ऑडिटर म्हणतोय आर०९.८१ (नाक चोंदणं, नुसतं लक्षण) लाव. आठ महिने म्हणजे क्रॉनिकच की! शिफ्ट संपायच्या आत पाठवायचंय, कोणीतरी सांगा.

निपाणीकर:
आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्यांची नाकं कायम बंद. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून रोज नाक धुवायला लावा, बघा फरक पडतोय की नाही.

घटप्रभा_काठ:
निपाणीकर, त्यांचं नाक नाही चोंदलेलं, पेशंटचं चोंदलंय. कोडरसाहेब, चार्ट कुठल्या देशाचा? आर०९.८१ हा आयसीडी-१० या आजारांच्या कोड-यादीच्या अमेरिकेतल्या सीएम आवृत्तीत आहे, डब्ल्यूएचओच्या मूळ यादीत आर०९.८ वरच थांबतं. ओपीडी की ॲडमिट? आणि असेसमेंटमध्ये (निदानाच्या नोंदीत) डॉक्टरांनी काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका.

टिळकवाडी_कोडर:
अमेरिकेचाच की, दुसरं कुठलं काम करालोय मी? ओपीडी. "नेझल कंजेशन, प्रॉबेबल क्रॉनिक ऱ्हायनायटिस."

घटप्रभा_काठ:
सगळं त्या "प्रॉबेबल"मध्ये अडकलंय. ओपीडीत प्रॉबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असलं खात्री नसलेलं काही निदान म्हणून कोड करता येत नाही, लक्षणच कोड करायचं. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला असं लिहिलं असतं तर जे३१.० चाललं असतं. ऑडिटर बरोबर आहे.

हुक्केरीचा_अण्णा:
माझं ऐका, सेप्टम (नाकातला मधला पडदा) वाकडं असणार, त्याचा कोड जे३४.२. मला वर्षानुवर्षं ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, शेवटी सीटीत हाड वाकडं निघालं.

घटप्रभा_काठ:
अण्णा, तुमच्या सीटीवरून दुसऱ्याच्या चार्टला कोड कसा लावणार? चार्टमध्ये सेप्टमचं नावच नाही.

टिळकवाडी_कोडर:
औषधांच्या यादीत ऑक्सिमेटाझोलिन (नाक मोकळं करणारा) स्प्रे रोज आहे. म्हणजे स्प्रेमुळंच ना? मग जे३१.० बसतंय.

चिकोडी_ईएनटी_वॉर्ड:
हे आधी सांगायचं हो! असला स्प्रे थोडे दिवस चालतो, रोज मारत राहिलं की असर उतरल्यावर नाक आणखी चोंदतं. पण ते निदान डॉक्टरांनी लिहायला हवं. "ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा" (औषधानंच झालेला) असं लिहिलं तर जे३१.० आणि सोबत औषधाच्या दुष्परिणामाचा टी४८.५एक्स५ए. यादीवरून आपण ठरवायचं नाही.

खानापूर_जंगलवाट:
मध्येच विचारतो, महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू झाली ना? नाकाचं ऑपरेशन त्यात बसतं काय? आणि कन्नडमधला रिपोर्ट चालतो का?

घटप्रभा_काठ:
त्याचा वेगळा धागा काढा, तिथं बोलू. कोडरसाहेब, डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) टाका, पण उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. "रोजचा ऑक्सिमेटाझोलिन वापर नोंदलेला आहे. नाक चोंदण्याचं कारण निश्चित झालं असल्यास कृपया नोंदवावं." एवढंच पुरे.

टिळकवाडी_कोडर:
टाकली क्वेरी. उत्तर यायला उद्या उजाडणार, तोवर आर०९.८१ लावून चार्ट पाठवू की होल्डवर ठेवू?

चिकोडी_ईएनटी_वॉर्ड:
होल्डवर. एकदा बिल गेलं की दुरुस्तीचा क्लेम पाठवत बसावं लागतंय. टीम लीडला आत्ताच मेल करून कळवा.