ममीवरचं कापड यापुढे कुणीही उलगडू नये

उभा_धागा: १९०८ साली मँचेस्टरमध्ये इजिप्ततज्ज्ञ मार्गारेट मरे यांनी ख्नुम-नख्त या प्राचीन इजिप्शियन माणसाची ममी सुमारे ५०० प्रेक्षकांसमोर उलगडली. ज्याला हवा त्याने नाव-पत्ता द्यावा, कापडाचा तुकडा मिळेल, असंही सांगितलं गेलं. हे वाचलं की मला अजून संताप येतो. घरातल्या वापरलेल्या चादरी फाडून पट्ट्या केलेल्या, त्या थरावर थर बसवलेल्या. कुठली पट्टी कुठल्या थरात, गाठ कुठे, हीच तर माहिती. एकदा सोडलं की गेलं.

याउलट १९०६ मध्ये इजिप्तमध्ये देर अल-मदिना इथे खा आणि मेरित या जोडप्याचं थडगं सापडलं. ते शोधणारे इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्ली यांनी त्या ममी उलगडल्याच नाहीत. इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयात दोघं आजही गुंडाळलेलीच आहेत, आणि खाच्या गळ्यातलं सोनं क्ष-किरणांनी दिसलंच ना! आता तर सीटी स्कॅन आहे. पूर्ण बंदी हवी.

नाइलकाठ: साफ असहमत. मँचेस्टरला तुकडे वाटायला नको होते, मान्य. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली वाह नावाच्या माणसाची ममी बघा. क्ष-किरणांत दागिने दिसले म्हणून १९४० मध्ये त्याला उलगडलं. सुमारे ३७५ चौरस मीटर लिनन (जवसाच्या धाग्याचं कापड) निघालं! थरांत एक उंदीर, एक पाल आणि एक रातकिडा अडकलेला. काही कापडांवर शाईच्या खुणा. गुंडाळणाऱ्यांच्या कामाच्या जागेत डोकावता आलं ते उलगडल्यामुळेच.

उभा_धागा: आणि वाह? त्याला पुन्हा तसं कोण गुंडाळणार? आपल्या कुतूहलाची किंमत त्याने का मोजायची?

जवसफूल: ताई, तुमची तळमळ पटते, बंदी पटत नाही. इजिप्तमधल्या तारखानचा अंगरखा आठवा. पुरातत्त्वज्ञ पेट्री यांनी १९१३ मध्ये तिथून खणून आणलेलं मळक्या कापडांचं गाठोडं लंडनमध्ये तसंच पडून होतं. १९७७ मध्ये ते साफ करायला घेतलं तेव्हा आत बारीक चुण्यांच्या बाह्यांचा लिननचा अंगरखा निघाला. कोपरापाशी आणि काखेत सुरकुत्या, म्हणजे कुणीतरी तो खरंच वापरलेला. शिवाय आतली बाजू बाहेर आलेला, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा. कार्बन चाचणीत काळ आला इसवीसनपूर्व ३४८२ ते ३१०२. गाठोडं सोडायचंच नाही म्हटलं असतं तर?

उभा_धागा: ते गाठोडं कुणाच्या देहावर बांधलेलं नव्हतं. माझा आक्षेप देहावरच्या कापडाला आहे. गाठोडी सोडा, साफ करा, धागे मोजा, मी स्वतः बघायला येईन.

नाइलकाठ: मग कापडावरचं लिखाण? प्रत्येक थरावरची शाई स्कॅनमध्ये नीट वाचता येईल याची खात्री तुम्ही देता?

उभा_धागा: नाही देत. पण थांबता येतं. खा आणि मेरितसाठी १९०६ मध्ये कुणीतरी थांबलं, म्हणून आज आपल्याकडे सीटी स्कॅन करायला अख्खी ममी आहे. आधीच उलगडलेल्या पट्ट्या तर संग्रहालयांत आहेतच. आधी त्या तपासा.