मदत हवी आहे: स्वीटगमची झाडं ठेवावीत की तोडावीत? आणि तोडली तर लाकडाचा उपयोग होतो का?

चांदणीपान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

घराच्या आवारात स्वीटगमची दोन मोठी झाडं आहेत आणि त्यांचं काय करावं यावर घरात एकमत होत नाहीये. ज्यांनी हे झाड जपलंय, तोडून घेतलंय किंवा त्याच्या लाकडावर काम केलंय, त्यांनी कृपया लिहावं.

भारतातल्या वाचकांना हे झाड फारसं माहीत नसेल, म्हणून थोडी ओळख. शास्त्रीय नाव लिक्विडांबर स्टायरासिफ्लुआ. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या रानात ते आपोआप उगवतं, शिवाय मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांतही सापडतं. पानं पाच किंवा सात टोकांची, चांदणीच्या आकाराची. बरेच जण त्याला मेपल समजतात, पण मेपलची पानं फांदीवर समोरासमोर येतात आणि स्वीटगमची एकाआड एक. पान चुरगळलं की राळेचा गोडसर वास येतो. पानगळीच्या दिवसांत एकाच झाडावर पिवळा, केशरी, लाल आणि गडद जांभळा असे सगळे रंग एकदम दिसतात. त्या दिवसांत हे झाड तोडायचा विषयसुद्धा मला सहन होत नाही.

आता अडचण. पहिलं झाड ड्राइव्हवेला अगदी खेटून आहे, बुंधा साधारण 20 इंच व्यासाचा आणि जरासा रस्त्याकडे कललेला. मुळं जमिनीच्या वरवरच पसरली आहेत. काँक्रीटचा एक अख्खा तुकडा एका बाजूने उचलला गेलाय आणि पावसाचं पाणी तिथून गॅरेजकडे वळतं. दुसरं झाड मागच्या कुंपणाजवळ, घराच्या पश्चिमेला, पण चांगलं लांब. त्याचा बुंधा जास्त जाड आणि सरळसोट आहे, पंधरा-वीस फुटांपर्यंत एकही फांदी नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी घराची मागची बाजू त्याच्याच सावलीत असते.

आणि दोन्ही झाडांची बोंडं! इंच-दीड इंच व्यासाची, काटेरी, पानगळीपासून थेट वसंतापर्यंत थोडी थोडी पडत राहतात. हातात घेऊन जवळून पाहिलं तर रचना थक्क करणारी आहे. चाळीस ते साठ छोट्या कुप्या एकमेकींना चिकटून हा गोळा होतो, प्रत्येक कुपीला वाकड्या चोचीसारखी दोन टोकं, आणि मधल्या फटीतून पंखवालं एखाद-दुसरं बी बाहेर पडतं. बी वाऱ्यावर निघून जातं, काटेरी गोळा मात्र टणक लाकूड होऊन उरतो. पानांच्या थराखाली तो दिसत नाही आणि पाय पडला की घोटा मुरगळतो. सासूबाई आमच्याकडे राहायला येतात तेव्हा याच भीतीने त्या अंगणात फिरायला जात नाहीत, आणि हे मला मनापासून खटकतं.

दुसरी बाजूही आहे. थंडीत गोल्डफिंच आणि चिकाडी पक्षी त्या लटकत्या बोंडांतून बिया काढून खातात. ल्यूना मॉथ या मोठ्या, फिकट हिरव्या पतंगाच्या अळ्या याच पानांवर वाढतात. घरातल्या बाकीच्यांना दोन्ही झाडं काढून टाकायची आहेत. शेजारीही तेच सांगतात. मला हे पटत नाही, पण ड्राइव्हवेची अवस्था पाहता नुसतं "झाड नको तोडूया" म्हणून भागणार नाही हेही कळतं.

तेव्हा विचारायचं असं: मुळं छाटून झाड वाचवता येतं का? बोंडं धरूच नयेत म्हणून काही उपाय आहे का? आणि तोडायचीच वेळ आली तर लाकूड ठेवण्याच्या लायकीचं असतं का? एक जण म्हणतो की ते वाळताना इतकं पिळवटतं की फेकून द्यावं लागतं. दुसरा म्हणतो की जुन्या काळी त्याचं सुंदर फर्निचर होत असे. कुणाचं खरं मानायचं?

रंधा_आणि_पटाशी

लाकडाचं मी सांगतो, झाडाचं इतर जाणकार सांगतीलच. दोघांचंही खरं आहे. फरक ओंडक्याच्या भागाचा आणि वाळवण्याच्या पद्धतीचा आहे.

स्वीटगममध्ये सालीलगतचा पांढुरका भाग फार रुंद असतो. आतला लालसर तपकिरी गाभा झाड चांगलं वयस्कर झाल्यावरच मोठा होतो. व्यापारात बाहेरच्या भागाला सॅप गम आणि गाभ्याला रेड गम म्हणतात. जुन्या फर्निचरची जी ख्याती ऐकता ती गाभ्याची. इंग्लंडमध्ये हाच गाभा सॅटिन वॉलनट नावाने विकला जायचा आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे त्याची कपाटं आणि ड्रेसिंग टेबलं बनत. अमेरिकेतही 1920 च्या सुमारास बांधलेल्या घरांत दारं-खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या या लाकडाच्या सापडतात. काही गाभ्यांत काळसर रेघा धुरासारख्या पसरलेल्या असतात. अशी फळी मिळाली तर तिच्यावर रंग चढवू नका, नुसतं तेल पाजा.

आता पिळवटण्याचं. या झाडाचे तंतू सरळ वर चढत नाहीत. काही वर्षांचे थर उजवीकडे झुकतात, त्यांच्यावरचे डावीकडे, आणि असे ते एकमेकांत गुंतत जातात. त्यामुळे फळी सुकताना प्रत्येक थर वेगळ्या दिशेला ओढतो. त्यात आकसणंही जबर आहे: ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने 10.2 टक्के आणि केंद्राकडून सालीच्या दिशेने 5.3 टक्के. सागवान वलयांच्या दिशेने याच्या साधारण निम्मंच आकसतं, म्हणून सागाची सवय झालेल्या माणसाला स्वीटगम फार त्रास देतं. पाणीही भरपूर. ताज्या तोडलेल्या झाडाच्या पांढऱ्या भागात सुक्या लाकडाच्या वजनाच्या 137 टक्के पाणी भरतं, गाभ्यात 79 टक्के.

एवढं असूनही फळ्या सरळ राहू शकतात. ओंडका चिरताना वलयं फळीच्या रुंद बाजूला काटकोनात येतील अशा बेताने चिरून घ्यायचा, म्हणजे रुंदीत 10 ऐवजी 5 टक्क्यांच्या जवळचं आकसणं वाट्याला येतं आणि वर रेशमी पट्ट्यांची चमक दिसते. झाड पडल्या पडल्या टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर ती उलतात. गरम दिवसांत ओंडका पडून राहिला तर पांढऱ्या भागात निळे डाग धरतात, म्हणून चिरायला उशीर नको. फळ्यांच्या थरांमध्ये सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या फूटभर अंतरावर, अगदी एकावर एक ओळंब्यात ठेवायच्या. वरून छप्पर आणि भरपूर वजन. काँक्रीटच्या विटा रचल्या तरी चालतं. या वजनात कंजुषी केली की सगळी मेहनत वाया जाते. एक इंच जाडीच्या फळ्यांना उघड्यावर सहा महिने ते वर्ष धरून चाला.

कठीणपणा मध्यम आहे. जान्का मोजणीत, म्हणजे लाकडात पोलादी गोळी रुतवायला किती जोर लागतो त्या मापात, स्वीटगम 850, लाल ओक 1290 आणि यलो पॉप्लर 540. खिळा-स्क्रू नीट धरतं आणि रंग, स्टेन छान पितं, म्हणून अक्रोड किंवा महोगनीची नक्कल करायला ते वापरलं गेलं. रंध्याला मात्र त्रास देतं. एका दिशेने मारलं तर एक पट्टा गुळगुळीत होतो आणि शेजारच्याच्या ढलप्या उचकटतात. पातं अगदी धारदार, काप केसाएवढा आणि शेवटचा हात स्क्रेपरचा. ड्रॉवरच्या बाजू, पेट्या, आतली कपाटं यासाठी लाकूड उत्तम. घराबाहेर, मातीला किंवा पावसाला लागेल असं काहीही करू नका, लवकर कुजतं.

तुमच्या दोन्हींपैकी फळ्यांच्या लायकीचं मागचं झाड वाटतं. कललेल्या खोडात आतून ताण असतो आणि करवत फिरतानाच फळी धनुष्यासारखी वाकते. शिवाय रस्त्याकडच्या झाडात जुने खिळे, तारा निघतात, म्हणून बरेच गिरणीवाले आवारातला ओंडका घेतच नाहीत. आधी मेटल डिटेक्टर फिरवून घ्या.

मागचं_अंगण

वरचा प्रतिसाद वाचून मागचं झाड फळ्यांसाठी पाडू नका ही कळकळीची विनंती! घरापासून लांब, सरळ, पश्चिमेची सावली देणारं झाड आहे, उभं राहू द्या.

मुळांबद्दल: खोडाच्या व्यासाच्या तीन ते पाच पटींच्या आत मोठी मुळं तोडू नयेत असा सर्वसाधारण नियम आहे. तुमचा बुंधा 20 इंचांचा, म्हणजे किमान पाच फूट, शक्यतो आठ फूट. ड्राइव्हवेला खेटलेल्या झाडात एवढी जागाच नाही. त्या बाजूची मुळं तोडली तर कललेलं झाड वादळात आधार गमावेल, आणि नाही तोडली तर नवं काँक्रीटही उचललं जाईल. अशा ठिकाणी मी झाडाच्या बाजूने वाद घालणार नाही. तरी परवानाधारक वृक्षतज्ज्ञाला एकदा प्रत्यक्ष दाखवा. झाडं तोडण्याचा धंदा करणाऱ्याचा सल्ला आणि तज्ज्ञाचा सल्ला यात फरक असतो.

बोंडं धरू नयेत म्हणून एथेफॉन या फळधारणा रोखणाऱ्या औषधाची फवारणी आहे. फुलोरा ऐन भरात असतानाच्या थोड्या दिवसांत ती करावी लागते आणि सगळ्या फुलांवर औषध पोचावं लागतं. उंच झाडावर ते घरच्या पंपाने जमत नाही, आणि दरवर्षी परत करावी लागते. मोठ्या झाडांसाठी खोडात औषध टोचण्याची सोय काही तज्ज्ञ देतात. मला विचाराल तर मागच्या झाडासाठी यातलं काहीच नको. लोखंडी तारांच्या पिंजऱ्याचं, काठीला लावलेलं लोटायचं साधन मिळतं, अक्रोड वेचायचं. ते फिरवलं की बोंडं आपोआप आत जातात, वाकावंही लागत नाही. चालायची वाट तेवढी साफ ठेवा आणि झाडाखाली गवताऐवजी सावलीतली झुडपं लावून तो भाग बोंडांना देऊन टाका.

आणि पुढच्या झाडाची पोकळी डोळ्यांत भरत असेल तर रोटुंडिलोबा ही जात बघा. 1930 साली नॉर्थ कॅरोलायनात सापडलेली, पानांची टोकं गोलसर, बोंडं धरत नाही. क्वचित एखादी फांदी मूळ रूपावर जाते, ती वेळीच छाटायची. पण यावेळी ड्राइव्हवेपासून चांगली लांब लावा.

चांदणीपान (धागाकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं. पुढचं झाड काढायचं आणि मागचं ठेवायचं यावर सगळे तयार झाले, सासूबाईंसकट. पिंजऱ्याचं साधन त्यांनी स्वतः मागितलं आहे.

आता पुढच्या झाडाबद्दल दोन शंका. कललेलं असल्यामुळे फळ्या होणार नाहीत हे समजलं, मग जळण म्हणून चालेल का? आणि कुठेतरी वाचलं की या ओंडक्यांवर शिताके आळिंबी घेतात, ते खरं का?

रंधा_आणि_पटाशी

जळण म्हणून चालतं, पण फोडताना घाम काढतं. तंतू गुंतलेले असल्याने पाचर आत जाते आणि तिथेच अडकते. ओंडका दुभंगला तरी मधले धागे सुटत नाहीत, कुऱ्हाडीने एकेक तोडावे लागतात. मधोमध घाव घालू नका. कडेकडेने चपट्या ढलप्या काढत आत या, किंवा हायड्रॉलिक यंत्र भाड्याने आणा. फोडून जमिनीपासून वर, छपराखाली रचा. मातीवर ठेवलं तर वाळण्याआधी कुजायला लागेल. पूर्ण सुकल्यावर बरं जळतं, ओकइतकी ऊब मात्र देत नाही.

शिताकेचं खरं आहे, आणि तुमच्या बाबतीत मी तेच आधी करेन. चार ते सहा इंच जाडीच्या फांद्यांचे तीन-चार फुटी तुकडे घ्या, म्हणजे झाडाचा वरचा सगळा भाग कामी येईल. झाड पानं गळून गेल्यावर, कळ्या फुगायच्या आत पाडायला सांगा, कारण तेव्हा साल घट्ट असते आणि शिताकेला साल शाबूत लागते. एक-दोन आठवड्यांत भोकं पाडून आळिंबीचं बीज भरलेल्या लाकडी खुंट्या ठोका आणि वर मेण लावा. ओकपेक्षा यावर पहिलं पीक लवकर येतं, पण ओंडका लवकर संपतो.

एक गोष्ट काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या: बुंधा कापल्या कापल्या ताज्या कापावर तणनाशक लावायचं, नाहीतर खोडाभोवती आणि मुळांवरून लॉनभर धुमारे फुटतात. फक्त मागच्या झाडाची मुळं तिथवर पोचलेली नाहीत ना, हे तज्ज्ञाकडून आधी पाहून घ्या. जवळच्या स्वीटगमांची मुळं कधी कधी एकमेकांत जुळलेली असतात आणि औषध एकातून दुसऱ्यात जाऊ शकतं. तशी शंका आली तर औषध नको, बुंधा यंत्राने दळून काढा आणि धुमारे येतील तसे कापत राहा.