बाळाचा डॉक्टर: गल्लीतला की मोठ्या हॉस्पिटलातला?

नवाबाप
बायको साताऱ्याला माहेरी आहे, आठवा लागलाय. जन्माच्या लशी तिकडेच होतील, दीड महिन्याची पुण्यात. माझं मत: एमडी किंवा डीसीएच (बालरोगातलं शिक्षण) असलेला, चालत दहा मिनिटांवरचा डॉक्टर बास. पाच मजली हॉस्पिटलचा मित्राला आलेला अनुभव असा: बाळ रात्रभर रडतंय आणि रिसेप्शन म्हणतंय, "उद्या अकराची वेळ देऊ?"

दोन_पिल्लं
साफ चूक. माझी थोरली 32 आठवड्यांतच जन्मलेली. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यावा लागतो. आम्हाला ते सांगितलं एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) डॉक्टरांनी, कोपऱ्यावरच्या क्लिनिकनं नव्हे. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप चढला की तुमचा गल्लीवालाही हॉस्पिटलातच पाठवणार.

नवाबाप
पाठवू दे की! पण कधी पाठवायचं हे फोनवर सांगणारा माणूस तर हवा.

कोथरूडची_सून
अंतर, मजले राहू द्या. डॉक्टर दुधाबद्दल काय बोलतो ते बघा. तिसऱ्या दिवशी लेकाचं वजन उतरलं, तर तपासायला आलेल्या डॉक्टरनं थेट पावडरच्या डब्याची चिठ्ठी दिली. पहिल्या आठवड्यात थोडं वजन उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हे मला नंतर कळलं. त्या डब्यांच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, पण चिठ्ठीला कोण अडवणार? दुसरीकडे गेले. त्या बाईंनी वीस मिनिटं शेजारी बसून बाळ अंगावर नीट पितंय का ते पाहिलं. डबा उघडलाच नाही. (सासूबाई अजून म्हणतात, वरचं दिलं असतं तर गुटगुटीत झाला असता.)

दोन_पिल्लं
माझं दूध तेव्हा खरंच पुरत नव्हतं, डब्यानंच निभावलं. प्रत्येक चिठ्ठीत काळंबेरं नसतं.

कोथरूडची_सून
मान्य. पण आधी पाजताना बघा तरी, मग लिहा.

पेन्शनर
लशीसाठी एवढी शोधाशोध कशाला? महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळते. "न दुखणारी" घेतलीत तर ताप कमी येतो, पैसे जास्त जातात, एवढंच.

नवाबाप
आई तर म्हणते, तुला ज्यांनी तपासलं तेच अजून बसतात, त्यांच्याकडेच ने. ते आता 78 वर्षांचे आहेत.

दोन_पिल्लं
रात्री फोन उचलतात का?

नवाबाप
पहिल्याच रिंगला. झोपच येत नाही म्हणे.